आधी उतार, मग फरशी



सुगी आटोपली, सोयाबीनचे चार पैसे हातात आले, की गावात गवंड्याला भाव येतो. कुणाला घर वाढवायचे असते, कुणाला गोठा बांधायचा असतो आणि ज्याला यातले काहीच जमत नाही, तो म्हणतो, "निदान अंगण तरी पक्कं करून घेऊ." यात गैर काहीच नाही. पावसाळाभर चिखल तुडवायचा, म्हाताऱ्या माणसांनी घसरून पडायचे, बायांनी वाकून वाकून शेणसडा घालायचा, हे आता पुरे झाले. अंगण पक्के व्हायलाच पाहिजे. पण ते कशाने करायचे आणि किती करायचे, हे आपण कुणाला विचारतो? शेजाऱ्याला! त्याने गट्टू बसवले म्हणून आपण गट्टू बसवतो. पाहुण्याच्या दारात चकचकीत टाइल्स पाहिल्या म्हणून आपणही टाइल्स आणतो. बैल घेताना दात, खूर, चाल बघणारा माणूस अंगणाच्या बाबतीत नुसता रंग बघून सौदा करतो, याचे नवल वाटते.

नाचता येईना अंगण वाकडे, अशी म्हण आहे. आपल्याकडे मात्र अंगण खरोखरच वाकडे होते आणि पैसे गेल्यावर ते कळते. म्हणून फरशीच्या दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी घरी बसून ठरवा. अंगणात काम काय चालते? खालची माती कोणती आहे? आणि पावसाचे पाणी जाणार कुठे?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण तोच सगळे विसरतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. एवढ्या जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे शंभर लिटर पाणी झाले. वळवाची एक सर २५ मिलिमीटरची आली, तर अडीच हजार लिटर, म्हणजे दोनशे लिटरची बारा-साडेबारा पिंपे. मातीचे अंगण यातले काही पिते. कोबा जवळपास सगळे बाहेर फेकतो. हे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरले की बांधावरचे भांडण दारात आलेच म्हणून समजा. बरे, आपण शेतात बांधबंदिस्ती करतो, शेततळे खोदतो, पाणी अडवा म्हणून भाषणे ऐकतो, आणि घरासमोर मात्र पाणी घालवायला पैसे मोजतो! हा कुठला हिशेब?

आता माती. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा टाकला, की तो दोन-तीन वर्षांत उकलतो आणि आपण गवंड्याला शिव्या देतो. काळी माती निदान फूटभर उकरून काढा. त्या जागी मुरूम भरा, तोही एकदम नको. चार-पाच इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस, मग पुढचा थर. उतार इथेच काढायचा, दर दहा फुटांना दोन इंच आणि घराकडून बाहेर. तळ कच्चा राहिला तर वर संगमरवर घातला तरी बसणारच. वरच्या फरशीत दोन पैसे कमी घाला, पण खालच्या मुरमात कंजुषी करू नका.

मग येतो माल. एकेक बघू.

शहाबादी फरशी आपल्या ओळखीची. कर्नाटकात कलबुर्गी (जुने गुलबर्गा) जिल्ह्यातल्या शहाबादची ती. तेलंगणातल्या तांदूरची फरशीही त्याच जातीची. हा चुनखडीचा दगड आहे. अंगणासाठी पॉलिश केलेली घेऊ नका, ओली झाली की माणूस आणि जनावर दोघेही घसरतात. खरबरीत घ्या, जाड घ्या. तिच्यावर मोटारसायकल चालेल, पण भरलेली ट्रॉली नेली तर फुटणार. संडास धुण्याचे ॲसिड तिच्यावर सांडू देऊ नका, चुनखडी खाल्ली जाते. मुरूम-वाळूवर बसवून सांधे सिमेंटने न बुजवता वाळूने भरले, तर थोडे पाणी खाली जाते आणि पुढे नळाची पाइप टाकायची झाली तर फरशी उचलून परत बसवता येते.

काळा दगड तर घरचाच. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच बेसाल्टवर उभा आहे. जुन्या वाड्यांच्या चौकात पिढ्यान्‌पिढ्या पाय पडूनही तो दगड शाबूत आहे. नवा घडीव दगड महाग पडतो, घडणारे हातही कमी झाले आहेत. पण गावात पडक्या वाड्याचे, जुन्या भिंतीचे चिरे निघत असतील तर ते सोडू नका. दारासमोरची वाट, गोठ्याचे तोंड, नळाची जागा, जिथे रोजची वर्दळ आणि ओल आहे, तिथे यासारखा माल नाही. कोकणातल्या वाचकांनी तिथे जांभा वाचावा, फक्त तो मऊ असतो आणि सावलीत त्यावर शेवाळ धरते, हे ध्यानात ठेवावे.

आता गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. हा माल वाईट नाही, पण त्यात फसवणूक फार. यासाठी भारतीय मानक आहे, आय.एस. १५६५८. त्यानुसार हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर जाडीचा एम-३५ आणि मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटरचा एम-४० ब्लॉक लागतो. घरी ट्रॅक्टर-ट्रॉली येत असेल तर ८० चाच घ्या. दुकानदार "सगळे सारखेच असतात दादा" म्हणेल, त्याला मोजपट्टी दाखवा. दोन गट्टू एकमेकांवर आपटा, खणखणीत वाजले पाहिजेत. चार किलोचा कोरडा गट्टू दिवसभर पाण्यात ठेवून पुन्हा वजन करा. पाव किलोच्या वर पाणी प्यायला असेल तर माल परत करा. बसवताना कडेला पक्की कड हवी, नाहीतर गट्टू सरकतात. आणि त्याखाली सिमेंटचा पक्का थर घालू नका. मग सांध्यातून जे पाणी मुरले असते, तेही बंद होते.

कोबा खळ्यासाठी चांगला. तूर, हरभरा, ज्वारी वाळवायला सपाट आणि स्वच्छ जागा मिळते, धान्यात खडे येत नाहीत. मात्र सलग ओतू नका, आठ-दहा फुटांवर सांधा सोडा. वरून घोटून गुळगुळीत न करता खराट्याची रेघ ओढा. आज मिळणारे सिमेंट बहुतेक पीपीसी असते, त्याला निदान दहा दिवस पाणी मारावे लागते. तिसऱ्या दिवशी त्यावर पोती टाकणाऱ्यांनी भेगांची तक्रार करू नये. आणखी एक, दुपारच्या उन्हात कोबा भाजतो. पुढच्या वर्षीचे सोयाबीन बियाणे त्यावर टाकू नका. त्याचे साल नाजूक असते, उगवण बिघडते. ताडपत्रीवर, सकाळच्या उन्हात वाळवा. राहिल्या चकचकीत टाइल्स. त्या घरातच शोभतात. अंगणात त्या फक्त हाड मोडायच्या कामाच्या.

मग घ्यायचे काय? माझे मत सरळ आहे. अख्खे अंगण एकाच मालाने मढवू नका. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट दगडाची किंवा शहाबादीची, वाहनाच्या जागी जाड गट्टू, खळ्यापुरता कोबा आणि उरलेली जागा मुरमाची, उघडी. तिथे तुळस राहील, मांडवाची मेढ रोवता येईल, झाडाला पाणी मिळेल. उतार त्याच बाजूला काढा आणि टोकाला एक शोषखड्डा घ्या. खर्चही कमी येतो. आणि हे ठरवताना घरातल्या बायांना विचारा. अंगण झाडतात त्या, वाळवण घालतात त्या, मग निर्णय एकट्या बाप्याने का घ्यायचा?

आता दोन शब्द सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो. घरचे अंगण चुकले तर एका घराचे नुकसान, चावडीपुढचे चुकले तर गावाचे. गावोगाव देवळापुढे, शाळेपुढे, गल्लीबोळात गट्टू आणि काँक्रीट टाकणे हाच विकास झाला आहे. काम लवकर दिसते, फोटो चांगला येतो. पण जुना थर न काढता त्यावर नवा टाकत गेल्याने रस्ता वर आणि उंबरा खाली, अशी घरे किती गावांत झाली आहेत! पावसाचे पाणी मग गरिबाच्या चुलीत शिरते. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आले, नळासाठी तेच नवे रस्ते फोडले गेले. आधी पाइप, मग गटार आणि शेवटी फरशी, एवढा क्रम पाळला असता तर लोकांचाच पैसा वाचला असता.

पारावरच्या पिंपळाला, शाळेतल्या लिंबाला बुंध्यापर्यंत काँक्रीटचा फास लावू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले होते. आपण आदेशाची वाट कशाला बघायची? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित ठेवला. त्यात स्वच्छतेबरोबर पिण्याचे पाणी आणि पाऊस-पाणी संकलनही होते. म्हणजे पाणी जिरवण्याला सरकारी कागदातही जागा आहे. ती जागा फरशीच्या अंदाजपत्रकात का दिसत नाही?

गावकऱ्यांनीही ग्रामसभेत नुसते बसून येऊ नये. गट्टूची जाडी किती, प्रत कोणती, जुना थर काढणार का, पाणी कुठे सोडणार, हे चार प्रश्न उभे राहून विचारावेत आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. काम चालू असताना मोजपट्टी घेऊन जायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि घरचे काम काढणार असाल, तर गवंड्याला सांगावा धाडण्याआधी चार घागरी पाणी अंगणाच्या मधोमध ओता. ते कुणाच्या भिंतीकडे जाते ते बघा. मग खडूने रेघ मारा आणि पहिले काम तिथून धरा.