असेंब्ली स्टेशनची रचना कामगाराच्या शरीराला धरून करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : नव्या असेंब्ली लाइनची सिम्युलेशन व अर्गोनॉमिक्सच्या आधारे पूर्वतपासणी बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

आम्ही चाकण औद्योगिक क्षेत्रात वाहनांचे सुटे भाग जोडणारे स्त्री-पुरुष कामगार आहोत. हात खांद्याच्या वर धरून नटरनर चालवणे आणि कमरेत वाकून खालच्या बिनमधले भाग उचलणे, हे आमचे पाळीभराचे काम. त्यातून खांदा, मनगट, कंबर कायमची दुखावतात. अपघाताची नोंद होते, या दुखण्यांची होत नाही.

लाइन उभारण्याआधी रोबोटची पोहोच आणि सायकल टाइम संगणकावर तपासला जातो. माणसाची डिजिटल प्रतिकृती उभी करून त्याचे वाकणे, वळणेही तसेच तपासता येते. आमच्याकडे ते झाले नाही. फिक्स्चर बोल्टने पक्के झाल्यावर मात्र ‘आता उंची बदलणे परवडत नाही’ असे उत्तर मिळते.

तपासणीची साधने जुनीच आहेत. शरीरस्थितीला गुण देणारी ‘रुला’ पद्धत 1993 पासून वापरात आहे. तिच्यात 7 गुण आले, तर तातडीने बदल अपेक्षित असतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ संस्थेचे सूत्र आदर्श स्थितीतही उचलण्याचे वजन 23 किलोपुरतेच धरते. हात लांबवावा किंवा अंग वळवावे लागले की ही मर्यादा आणखी घटते. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय हवी, हे तर कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 44 नेच सांगितले होते.

म्हणून आमच्या मागण्या :

1. कारखान्याच्या नकाशांना मंजुरी देताना प्रत्येक असेंब्ली स्टेशनचा मानवी सिम्युलेशन अहवाल मागवावा.
2. हे सिम्युलेशन भारतीय शरीरमापांवर, ठेंगण्या स्त्रीपासून उंच पुरुषापर्यंत सर्वांसाठी व्हावे.
3. थकवा संगणकावर पुरता उमटत नाही. त्यामुळे स्टेशनची पुठ्ठ्याची पूर्णाकृती करून कायम, कंत्राटी व ट्रेनी कामगारांकडून चाचणी घ्यावी. त्यांचे म्हणणे सुरक्षा समितीच्या इतिवृत्तात नोंदवावे.
4. चालू लाइनवरील 7 गुणांची स्टेशने आधी सुधारावीत : उंची बदलणारी टेबले, टूल बॅलन्सर, बसण्याची सोय.
5. स्नायू व सांध्यांच्या दुखण्यांची नोंदवही ठेवावी. तक्रार करणाऱ्याचे काम जाऊ नये.
6. सुधारणेमुळे वाचलेल्या सेकंदांवर उत्पादनाचे लक्ष्य वाढवू नये.

या मागण्यांवर कामगार प्रतिनिधी व व्यवस्थापन यांची संयुक्त बैठक बोलवावी आणि त्याआधी आपल्या अधिकाऱ्यांनी लाइन चालू असताना प्रत्यक्ष पाहणी करावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
असेंब्ली विभागातील कामगार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)