झाशीच्या राणीचा निर्णय : ‘मणिकर्णिका’विषयी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

राधाकृष्ण जगरलामुडी आणि कंगना राणावत यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला ‘मणिकर्णिका : द क्वीन ऑफ झांसी’ हा हिंदी चित्रपट २५ जानेवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याभोवती उठलेला वाद मुख्यतः राणीची प्रतिष्ठा राखली गेली की नाही या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. त्या प्रतिष्ठेचा आधार नेमका कोणता, हा त्याहून मूलभूत प्रश्न मात्र बाजूला पडला. खंडनमंडनाच्या जुन्या शिस्तीप्रमाणे प्रथम पूर्वपक्ष, म्हणजे ज्या मताचा प्रतिवाद करावयाचा ते मत, त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावे लागते. या चित्रपटाच्या समर्थकांचे म्हणणे थोडक्यात असे : चित्रपट हे पाठ्यपुस्तक नव्हे, त्यामुळे कलावंताला प्रसंग रचण्याची मोकळीक असलीच पाहिजे, शिवाय परकीय सत्तेविरुद्ध लढलेल्या व्यक्तीचे चित्र लोकांना स्फूर्ती देण्यासाठी असते, म्हणून तिच्या आयुष्यातील संकोच, तडजोडी आणि अर्जविनंत्या पडद्यावर आणणे म्हणजे तिचे मोठेपण कमी करणे होय.

यातील पहिला मुद्दा अर्धा मान्य करण्याजोगा आहे. मराठी रंगभूमीने इतिहास आणि पुराण यांच्याशी नेहमीच मोकळेपणाने व्यवहार केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि सरकारनेही तो ओळखला, म्हणूनच १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. परंतु खाडिलकरांनी घेतलेली मोकळीक उघड होती. महाभारतातील कथा आपण वर्तमानासाठी वापरीत आहोत हे त्यांनी लपविले नाही आणि कर्झनचे चरित्र म्हणून ती कोणाच्या गळी उतरविली नाही. ऐतिहासिक चित्रपटाची गोष्ट वेगळी असते, कारण तो खरी नावे, खरी गावे आणि खरी साले वापरून प्रेक्षकाचा विश्वास आधीच पदरात पाडून घेतो. म्हणून येथे दोन प्रकारच्या स्वातंत्र्यांत भेद करणे आवश्यक ठरते. जेथे साधने गप्प आहेत तेथे कल्पनेने भर घालणे हे एक स्वातंत्र्य. जेथे साधने स्पष्ट बोलतात तेथे त्यांची दिशाच फिरविणे हे दुसरे. पहिले कलेचा हक्क आहे, तर दुसऱ्यासाठी केवळ हक्क सांगून भागत नाही, त्यामागचे कारणही द्यावे लागते.

चित्रपटातील वासराचा प्रसंग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. इंग्रज शिपायांच्या तावडीतून राणी एक वासरू सोडविते, हा प्रसंग अनेकांना निव्वळ भावनेला हात घालणारा वाटला. येथे चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की त्याच्या मुळाशी इतिहासाचा एक धागा आहे : झाशी खालसा झाल्यावर कंपनी सरकारने तेथील गोवधावरची बंदी उठविली आणि महालक्ष्मीच्या देवळाकडे लावून दिलेल्या गावांचे उत्पन्नही काढून घेतले, आणि या दोन्हींविरुद्ध राणीने सरकारकडे तक्रार केली. म्हणजे खऱ्या राणीने एका धोरणाला लेखी विरोध केला, तर पडद्यावरच्या राणीने काही शिपायांना वठणीवर आणले. धोरणाच्या जागी दांडगट शिपाई आले की वसाहतवाद, म्हणजे कायदा, करार, महसूल आणि दफ्तर यांच्या बळावर परमुलखावर चालविलेले राज्य, हा काही उर्मट गोऱ्यांच्या दुर्वर्तनापुरता उरतो. आणि असे राज्य उलथून टाकण्यासाठी तलवार पुरेशी आहे असा समज सहज रुजतो.

दुसरा मुद्दा, म्हणजे संकोच दाखविल्याने मोठेपण घटते हा, अधिक गंभीर आहे आणि त्याचे खंडन घटनाक्रमानेच होऊ शकते. राणीचे पती आणि झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, आपल्याच कुळातील पाच वर्षांचा आनंदराव विधिपूर्वक दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. या विधीच्या वेळी इंग्रज अधिकारी समक्ष हजर होते. तरीही १८५४ मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले, म्हणजे औरस वारस नाही या सबबीवर ते कंपनीच्या मुलखात विलीन केले. सातारा १८४८ मध्ये याच तत्त्वाने गेले होते. त्यानंतर राणीने जे केले ते वीरगाथेत सहसा बसत नाही, पण राजनीतीच्या कोणत्याही अभ्यासकाला महत्त्वाचे वाटेल : तिने खलिते पाठविले, १८१७ च्या करारात राज्य वंशपरंपरा चालविण्याचे वचन दिले आहे हे दाखवून दिले आणि जॉन लँग या वकिलाला बोलावून त्याच्याशी पडद्याआडून मसलत केली. सरकारने हे सारे फेटाळून तिला सालिना साठ हजार रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ केले.

जून १८५७ मध्ये झाशीतील फलटणींनी बंड केले, ८ जून रोजी जोखनबागेत इंग्रज स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल झाली आणि शिपाई दिल्लीच्या वाटेला लागले. त्या वेळी राणीने सागरचा कमिशनर अर्स्किन याला पत्रे लिहून कत्तलीशी आपला संबंध नाकारला, आणि अर्स्किननेही पुढील व्यवस्था होईपर्यंत झाशीचा कारभार पाहण्यास तिला सांगितले. या पत्रांचा अर्थ कसा लावावा याविषयी मतभेद आहेत. रमेशचंद्र मजुमदार आणि सुरेंद्रनाथ सेन यांनी १९५७ मध्ये, बंडाच्या शताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत राणी आरंभापासून बंडाच्या कटात नव्हती असाच निष्कर्ष काढला, तर काहींना ती पत्रे वेळ मिळविण्याचा डाव वाटतात. यांपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी समोर येते ती चारही बाजूंनी कोंडलेली, फौज आणि खजिना जवळ नसलेली आणि तरीही एक शहर सांभाळणारी राज्यकर्ती. नेवाळकरांच्या पारोळ्याच्या शाखेतील सदाशिवराव नारायण याने करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःला राजा म्हणविले, त्याला तिने हटविले. ओरछाच्या दिवाणाने वेढा दिला, तो तिने परतविला. या साऱ्या काळात इंग्रजांची मदत आली नाही, आणि पुढे आली ती मदत नव्हती, तर इंग्रज सेनापती ह्यू रोझची फौज होती. मार्च १८५८ मध्ये तिच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला आणि तिने लढण्याचा निर्णय घेतला.

‘निर्णय’ हीच गोष्ट पडद्यावरच्या जन्मजात वीरांगनेपासून हिरावली जाते. जी लग्नाआधीच बाणाने वाघ लोळविते आणि पहिल्या दिवसापासून अखिल भारताच्या स्वातंत्र्याची भाषा बोलते, तिच्यापुढे १८५८ मध्ये दुसरा मार्गच उरत नाही. आणि ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्या कृतीला शौर्य म्हणता येईल, पण निवड म्हणता येणार नाही. सनदशीर मार्ग, म्हणजे कायद्याने आणि करारांनी आखून दिलेला मार्ग, शेवटच्या पायरीपर्यंत चालून पाहिल्यावर तो बंद असल्याचे जिला कळले आणि मगच जिने शस्त्र उचलले, ती राणी साम्राज्यावर अधिक कठोर आरोप ठेवते. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये राहून १८५७ चे जे स्वातंत्र्यसमराचे चित्र उभे केले, त्याला समोरच्या ‘शिपायांची बंडाळी’ या सरकारी व्याख्येला उत्तर देण्याची निकड होती. ती निकड १९०९ ची होती. २०१९ मध्ये तीच रीत गिरविताना कोणत्या सरकारी व्याख्येला उत्तर दिले जात होते, हे समर्थकांनी सांगितलेले नाही.

तथापि विरोधी टोकालाही येथे जागा देता येत नाही. चित्रपट पाहण्याआधीच त्यात राणीचे इंग्रज अधिकाऱ्याशी प्रेमप्रकरण असल्याच्या संशयावरून २०१८ मध्ये राजस्थानातील सर्व ब्राह्मण महासभेने आक्षेप घेतला, निर्मात्यांनी असे दृश्य नसल्याचे सांगितले, आणि प्रदर्शनाच्या तोंडावर करणी सेनेनेही धमक्या दिल्या. हा आक्षेप इतिहासाचा नव्हता. तो समर्थकांच्याच गृहीतकाचा उलटा चेहरा होता, कारण दोघांनाही राणी निष्कलंक मूर्ती म्हणूनच हवी होती. ‘सिनेमा सोडा, कागदपत्रे वाचा’ असे सांगणाऱ्या विद्वानांचे म्हणणेही अपुरे आहे. झाशीविषयीचे कागद बहुतांशी जिंकणाऱ्याच्या दफ्तरात जपले गेले, तर हरलेल्यांचा वाडा आणि त्यातील ग्रंथसंग्रह एप्रिल १८५८ च्या लुटीत नष्ट झाला. तेव्हा कल्पनेवाचून त्या बाजूची पुनर्रचना होणे नाही. सोहराब मोदी यांनी १९५३ मध्ये टेक्निकलर तंत्राने ‘झाँसी की रानी’ केला आणि तो आर्थिकदृष्ट्या पडला, एवढ्यावरून हा विषयच पडद्याला पेलत नाही असे ठरत नाही.

मंडन, म्हणजे स्वपक्षाची स्थापना, करताना नजर कोकणाकडे वळवावी लागते. नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, आजच्या लांजे तालुक्यातील कोट या गावचे. पेशवाईत चाकरीच्या निमित्ताने घाट चढून गेलेल्या या घराण्यातील रघुनाथ हरी झाशीचे सुभेदार झाले आणि पुढे ती सुभेदारी घराण्यातच राहिली. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चिपळूण तालुक्यात कुंभार्ली घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अलोरे आहे, जेथील कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत ठिकठिकाणची माणसे नोकरीसाठी येऊन राहिली. चाकरीमुळे परमुलखात घर करणे, तेथली भाषा उचलणे आणि तरीही सोयरीक, दत्तक, कुळाचार यांसाठी मूळ गावाशी आणि भाऊबंदांशी बांधलेले राहणे म्हणजे काय, हे अलोऱ्याच्या प्रेक्षकाला कोणी समजावून द्यावे लागत नाही. चित्रपटात मात्र मराठीपण नऊवारी, नथ आणि घोषणा यांतच साठले आहे. बुंदेलखंडी प्रजा, अफगाण शिपाई आणि कोकणी-देशस्थ कारभारी यांच्या मिश्र दरबारात एका मराठी घराण्याने राज्य कसे चालविले, याचे कुतूहल त्याला नाही.

हे कुतूहल शमविणारे साधन मराठीतच उपलब्ध आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, वेढ्याच्या काळात झाशीत अडकले, लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात राणीची दिनचर्या आहे, तोफांचे मारे आहेत, शहर पडल्यावरचे हाल आहेत; आणि काल्पीच्या वाटेवरील विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली राणी आहे, जी विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी पाणी शेंदू देत नाही, स्वतः शेंदते, आणि एका विधवेला इतकी उठाठेव करण्याची गरज नव्हती असे बोलून जाते. वाघाला लोळविण्याच्या दृश्यापेक्षा हा प्रसंग चित्रित करणे कितीतरी स्वस्त पडले असते, ही गोष्ट वेगळी.

या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो पंचविसांहून अधिक वर्षांनंतर आठवणीतून लिहिलेला आहे, त्यात ऐकीव मजकूर मिसळला आहे, आणि वैद्यांनी संपादन करताना बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली तेव्हाच ते फेरफार नीट उजेडात आले. पण पटकथाकाराला लागते ते नेमके हेच : भीती, भूक, दक्षिणेची काळजी आणि राजकारणाची अर्धवट माहिती असलेला एक साक्षीदार. अशा भिक्षुकाच्या नजरेतून झाशी दाखविली असती तर राणीला प्रत्येक दृश्यात जिंकावे लागले नसते, आणि झलकारीबाईसारख्या, मुख्यतः लोककथांतून आणि वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या कादंबरीमुळे सर्वदूर पोहोचलेल्या व्यक्तिरेखेला ‘लोक असे सांगतात’ या प्रामाणिक चौकटीत स्थान मिळाले असते.

राहता राहिला शेवट. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली आणि तिथेच बहुतेक चित्रपट थांबतात, जणू सारा खटला तिच्या देहापुरताच होता. खटला दत्तकाचा होता. तो दत्तक, दामोदरराव, लढाईतून वाचला, रानोमाळ हिंडला, इंग्रजांच्या स्वाधीन झाला, तुटपुंज्या तनख्यावर इंदुरात राहिला आणि १९०६ मध्ये तेथेच वारला. त्याचा झाशीवरचा हक्क सरकारने अखेरपर्यंत मान्य केला नाही. हिंदी पडद्यावर दत्तकविधानाने सुरू होणारी झाशीची कथा दत्तकाच्या या शेवटापर्यंत नेणारा दिग्दर्शक अजून पुढे यायचा आहे.