काही विशेष?

'विशेष' हा आम्हा मराठीच्या शिक्षकांचा लाडका शब्द. गुणपत्रिकेवर 'विशेष प्रावीण्य' लिहिताना हाताला काय उत्साह यायचा! पण लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या मुलीला कार्यालयात, जिन्यात, मंडईत गाठून कोणी "काय गं, काही विशेष?" म्हणून विचारलं, की या शब्दाचा अर्थ तिला कोशात बघावा लागत नाही. ती कसनुसं हसते, "नाही अजून" म्हणते आणि पुढच्या कार्यक्रमाला यायचं टाळते. आज त्याच विषयावर लिहिते आहे. विषय बायकांचा म्हणून पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. तुमच्यासाठी जरा जास्तच लिहिलं आहे.

आधी भाषेचंच बघा. मूल न होणाऱ्या बाईला आपण 'वांझ' म्हणतो. पुरुषाला काय म्हणतो? 'नपुंसक' नव्हे, त्याचा अर्थ निराळा. इतकी वर्षं मराठी शिकवली, पण घरोघरी वापरात असलेला असा एकही शब्द मला आठवत नाही. शब्द नाही म्हणजे दोषही नाही, असं आपण परस्पर ठरवून टाकलं! डॉक्टर मात्र सांगतात, की अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. पुरुषाची पहिली तपासणी साधी आणि स्वस्त असते. तरी सोनोग्राफी, रक्त, दुर्बीण असं सगळं बाईचं होऊन जातं आणि नवऱ्याची पाळी शेवटी येते. काही घरांत येतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या-माझ्या नात्यात कोणीतरी आहेच. आणि हे केवळ शरीराचं दुखणं नाही. १९९३ साली अमेरिकेत अॅलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मूल होत नसलेल्या स्त्रियांमधली चिंता आणि उदासी कॅन्सरच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांइतकीच असल्याचं त्यांना आढळलं. कॅन्सर झालेल्या बाईला आपण "काय, अजून बरी नाही झालीस?" असं भर मांडवात विचारू का?

घरातलं माणूस गेलं तर लोक तेरा दिवस येऊन बसतात, पिठलं-भात आणून देतात. हे दुःख दर महिन्याला नव्यानं येतं आणि त्याला कोणी भेटायला येत नाही. पाळी चार दिवस लांबली की मनात पाळणा बांधला जातो, पाचव्या दिवशी तो तुटतो, आणि त्याच दिवशी कामावरही जायचं असतं. झोप उडते. नवरा-बायकोचं जवळ येणंसुद्धा डॉक्टरांनी दिलेल्या तारखांवर. आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजाराच्या हिशेबानं असते. दवाखान्याच्या रांगेत दिवस गेला की त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. टेस्ट ट्यूबचा खर्च लाखांत, आणि एका खेपेत यश येईलच असं नाही. त्यात डोहाळजेवणाला हिला ओटी भरायला पुढं होऊ द्यायचं नाही, बारशाला पाळण्यापासून लांब ठेवायचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेनं गाव फुललेलं असतं, गल्लीत बोरन्हाणाच्या बोरं-चुरमुऱ्यांची उधळण चाललेली असते, आणि ही दार लावून घरात बसलेली असते. या सगळ्यातला आजार किती आणि आपण दिलेला ताप किती, याची वजाबाकी प्रत्येकानं करून बघावी.

सावित्रीबाई फुल्यांना मूल झालं नाही. जोतिरावांना दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला, त्यांनी तो मानला नाही. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत याला दोघांनी दत्तक घेतलं. १८९० साली जोतिराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं. हाच यशवंत पुढं डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवेत आईबरोबर उभा राहिला. त्या दांपत्याच्या थोरवीची बरोबरी आपण कुठं करणार! पण बायकोकडं बोट दाखवणाऱ्यांच्या आड नवऱ्यानं उभं राहायचं, एवढं तर कुणालाही जमण्यासारखं आहे.

लगेच कोणी म्हणेल, "मग घ्यावं की दत्तक!" आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला प्रार्थना समाजानं १८७५ मध्ये सुरू केलेला बालकाश्रम आहे, दत्तक ही फार सुंदर गोष्ट आहे. पण तो निर्णय त्या दोघांचा, आणि त्यांच्या वेळेनं. पहिलं दुःख पचायच्या आधी दिलेला सल्लाही टोचतोच.

"आम्ही काळजीपोटी विचारतो हो," असं माझ्या वयाच्या बायका म्हणतात. खरं आहे, काळजी असते. पण काळजीला उत्तर कशाला हवं? तिच्या हातचा चहा प्यावा, नोकरीचं विचारावं, रात्री झोप लागते का विचारावं. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. नसेल तर चहा तरी सुखानं झाला! सासूनं "आधी मुलाची तपासणी करून घेऊ" एवढं एकच वाक्य उच्चारलं तर सुनेचा अर्धा भार उतरेल.

२०२१ च्या कायद्यानं टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. ते समुपदेशन खर्चाच्या कागदावर सही घेण्यापुरतं उरू नये, म्हणून जोडप्यानं ते हक्कानं मागावं. मन फारच खचलं असेल तर सरकारची 'टेली मानस' सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. नवऱ्यांनीही करावा, रडू त्यांनाही येतं.

असो. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिलं. येत्या लग्नसराईत कुणी 'काही विशेष?' म्हणून सुरुवात केली, की शेजारी बसलेल्यानं विषय बदलावा. तेवढं पुण्य पुरे.