कान्होजी म्हणजे जुनाट?

नातवाचं बारसं पुढच्या रविवारी आहे आणि घरात नावावरून महाभारत चाललंय. मी सुचवलं 'कान्होजी'. सूनबाई हसल्या. चिरंजीव म्हणाले, "बाबा, शाळेत चिडवतील हो त्याला. फार जुनाट वाटतं." त्यांच्या यादीत पहिलं नाव 'रियांश'. अर्थ म्हणे सूर्याचा अंश, कुठल्याशा संकेतस्थळावर दिलाय. अहो, सूर्याचा अंश तो सूर्यांश! मग ही 'रिया' कुठून उगवली?

गंमत अशी की 'कान्हा' यांना चालतं, गोड वाटतं. 'जी' लावला की जुनाट! कृष्णाचा प्राकृतात कण्ह झाला आणि मराठीत कान्ह. तसंच उष्णाचं ऊन झालं, तृष्णेची तहान झाली. म्हणजे हे नाव आपल्या उन्हातान्हाचं सख्खं भावंड. पुस्तकातून उचललेलं नाही, तोंडात घोळून घोळून गुळगुळीत झालेलं आहे.

आणि आम्ही राहतो कुठे? अलिबागेत! १७१८ साली मुंबईकर इंग्रज खांदेरीवर चालून आले नि हात हलवत परतले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, तेव्हाही तीच गत. १७२९ मध्ये कान्होजी आंग्रे गेले, त्यांची समाधी इथेच गावात आहे. खांदेरीच्या दीपगृहाला त्यांचं नाव, १९९९ साली टपाल तिकीट निघालं. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली तेव्हा आमच्या चिरंजीवांनीच मला चार फोटो पाठवले होते. दीपगृहाला चालतं, तिकिटाला चालतं, पोराला मात्र नको. हा कसला अभिमान?

आता माझंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा दुसऱ्यांनाच शिकवतो. चौतीस वर्षं मास्तरकी केली. हजेरीपटावर संजय, संतोष, प्रकाश ढिगाने. कान्होजी एकही नाही. एक कान्हू मात्र आला होता, कोळीवाड्यातला. बापाने दाखल्याच्या वेळी नाव सांगितलं आणि मी, नवाकोरा बी.ए., म्हणालो, "नाखवा, जरा चांगलं नाव लावू." जनरल रजिस्टरवर 'कृष्णकांत' लिहिलं. बाप बिचारा म्हणाला, "गुरुजी, तुमाला म्हायती." वर्गात मी कृष्णकांत म्हणून हाक मारायचो तर पोरगा वळूनसुद्धा बघायचा नाही. तेव्हा त्याला मी मठ्ठ ठरवला होता.

त्या दिवशी मला जे 'चांगलं' वाटलं, तेच आज सुनेला वाटतंय. तिला मी काय बोलू? तरी बोलणार आहे. बारशाला आत्याने कानात कुर्र करायच्या आधी पाच मिनिटं मला द्या, एवढंच म्हणणं आहे.

नातेवाईक मंडळी, हे वाचून सूनबाईंना फोन करू नका, मी करतो काय ते. आणि तुमच्या ओळखीत विशीच्या आतला एखादा कान्होजी असेल तर रविवारच्या आत कळवा. शाळेत खरंच चिडवतात का, त्यालाच विचारू.