संकेतस्थळ कोणाच्या नावावर?

नवा गृहोद्योग किंवा लहानसा प्रक्रिया-उद्योग सुरू झाला की त्याचे संकेतस्थळ, म्हणजे बोलताना आपण ज्यास वेबसाइट म्हणतो ते, तयार करून घ्यावे असा आग्रह हल्ली सर्वत्र दिसून येतो. हा आग्रह अयोग्य आहे असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात तयार झालेले कोकम आगळ नागपूरच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडावयाचे, तर हे साधन उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु ते करून घेताना ज्या गोष्टीकडे सर्वांत आधी लक्ष पुरवावयास हवे, तिच्याकडेच आपले, विशेषतः आम्हां विस्तार कार्यकर्त्यांचे, दुर्लक्ष होते असे माझे मत झाले आहे. ती गोष्ट म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची मालकी.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका महिला बचत गटाने आगळ, कोकम सरबत व आंबापोळी यांची विक्री सुरू केली. ओळखीच्या एका तरुणाने त्यांना संकेतस्थळ करून दिले. काम नीटनेटके होते. मीही ते पाहून समाधान व्यक्त केले आणि मासिक अहवालातील रकाना भरून मोकळा झालो. बाटल्यांच्या लेबलांवर त्याचा पत्ता छापण्यात आला. पुढे तो तरुण नोकरीनिमित्त परगावी गेला. नावाची वार्षिक फी भरावयाची राहिली. मुदत संपत असल्याच्या सूचना आल्या त्या त्याच्या जुन्या ईमेलवर. गटास त्यांचा मागमूस नव्हता. मुदत संपली, सवलतीचे दिवसही संपले, आणि ते नाव भलत्यानेच घेतले. आता बाटलीवरचा पत्ता उघडला असता जुगाराची जाहिरात दिसते. गटाच्या अध्यक्षाबाईंनी मला विचारले, "साहेब, नाव आमचं, माल आमचा, मग दुसऱ्यानं ते घेतलंन कसं?"

उत्तर देणे मला जड गेले. कारण ते नाव गटाचे कधीच नव्हते. जमीन कसली यांनी, सातबारा मात्र दुसऱ्याचा, असाच तो प्रकार होता. त्या तरुणाच्या मनात कपट होते असे मी म्हणणार नाही. त्याने सोयीसाठी स्वतःच्या खात्यातून नाव नोंदविले, आणि ते कोणाच्या नावावर नोंदविले हे आम्ही कोणी विचारले नाही.

येथे थोडा खुलासा करणे जरूर आहे. संकेतस्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, ते कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीसाठी नोंदवावे लागते व मुदत संपण्यापूर्वी नोंदणी पुढे चालू ठेवावी लागते. '.इन' या अक्षरांनी संपणारी नावे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेच्या नोंदवहीत असतात. अधिकृत नोंदणीदारामार्फत ती एक ते दहा वर्षांसाठी घेता येतात, आणि वर्षाचा खर्च साधारणतः काहीशे रुपयांचा असतो. नोंदवहीत ज्याचे नाव व ईमेल, तो त्या नावाचा धारक. मजकूर व चित्रे ज्या संगणकावर ठेवली जातात, त्या जागेचे भाडे निराळे. आणि पाने तयार करणाऱ्याची मजुरी आणखी निराळी. या तिन्हींचा मिळून एकच आकडा सांगितला जातो, तेथेच घोटाळ्यास सुरुवात होते. बिलात तिन्ही रकमा वेगळ्या मागाव्यात.

नाव व जागा यांची खाती उद्योगाच्या स्वतःच्या ईमेलवरून उघडावीत. त्या ईमेलचा परवलीचा शब्द निदान दोघींजवळ असावा, व तो इतिवृत्ताच्या वहीत न लिहिता पाकिटात बंद करून ठेवावा. फी गटाच्या बँक खात्यातून जावी आणि पावती गटाच्या नावे घ्यावी. ज्यांचे नाव आजमितीस दुसऱ्याच्या खात्यात आहे, त्यांनी संबंध गोडीचे आहेत तोवरच ते आपल्या खात्यात वर्ग करून घ्यावे. तशी सोय आहे व ती अवघड नाही.

काही जण म्हणतात की व्हॉट्सॲपवर ऑर्डर येतात, मग संकेतस्थळ हवेच कशाला? पहिल्या वर्षापुरते त्यांचे म्हणणे मला पुष्कळसे पटते. माल तयार होण्याआधी दहा पानांचे संकेतस्थळ उभारणे म्हणजे पीक हाती येण्यापूर्वीच खळे सारवणे होय. तरी नाव मात्र आरंभीच नोंदवून ठेवावे. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असे नावही घेता येते. ते जरूर घ्यावे, परंतु रोमन लिपीतील नावाच्या जोडीला. कारण पुष्कळ गिऱ्हाइके अद्याप पत्ता रोमन अक्षरांतच लिहितात.

मजकूर मात्र उद्योग चालविणाऱ्यांनीच सांगावा. या गटाच्या संकेतस्थळावर कोकमाच्या जागी आलुबुखारची चित्रे घातलेली होती! आगळ खारट असते व ते सोलकढीसाठी वापरावयाचे, सरबतात साखर असते व ते पाणी घालून प्यावयाचे, एवढे दोन ओळींत लिहिले असते तर आगळाचेच सरबत करून पाहणाऱ्या गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोन आले नसते. कोणता माल कोणत्या महिन्यात मिळेल, पाठविण्याचा खर्च किती, बाटली फुटल्यास काय, हेही लिहावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करून घ्यावा. तो चित्राच्या रूपात चिकटविल्यास शोध घेणाऱ्यास सापडणे कठीण. छायाचित्रे हलकी असावीत, कारण डोंगराआडच्या वाडीत मोबाइलवर जड पान उघडतच नाही.

कायद्याच्या बाबीही आहेत. खाद्यपदार्थांच्या उद्योगास अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक लागतो. तो लेबलाप्रमाणे संकेतस्थळावरही द्यावा. ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले अधिकृत नाव, पत्ता व तक्रार कोणाकडे करावयाची हे दाखवावे, असे २०२० चे ग्राहक संरक्षणाचे नियम सांगतात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे चिन्ह वापरण्यापूर्वी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावयास हवी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास संगणकाचे सखोल ज्ञान असण्याची गरज नाही. परंतु सातबारा वाचता येतो त्याला नोंदणीची पावती वाचता येईलच. अहवालात "संकेतस्थळ तयार झाले" असे लिहिण्यापूर्वी ती पावती डोळ्यांखालून घालावी आणि नूतनीकरणाची तारीख गटाच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत आपल्या हाताने लिहावी.

त्या गटाने आता नवे नाव घेतले आहे, पाच वर्षांसाठी व गटाच्याच खात्यातून. जुनी लेबले फेकून देणे परवडणारे नव्हते. गेल्या हंगामात अध्यक्षाबाई व इतर सदस्या दुपारचे काम आटोपल्यावर ओटीवर बसून प्रत्येक बाटलीवरील जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याची कागदी पट्टी चिकटवीत होत्या. खळ लावण्याचे काम मी पत्करले होते.