‘संशोधनात सिद्ध’ म्हणे! पण कोणावर?

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. घरात कुणाला शुगर असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय.

दीड वर्षापूर्वी आपल्या इथे एका मंगल कार्यालयात ‘मोफत आरोग्य मार्गदर्शन शिबिर’ झालं. बाहेरून आलेले टाय लावलेले एक गृहस्थ, मागे पडद्यावर लाल-तपकिरी चकचकीत मशरूमचे फोटो, शेवटी चहा आणि समोसा. विषय होता औषधी मशरूम. जपानी लोक त्याला रेशी म्हणतात, चिनी लोक लिंगझी, शास्त्रीय नाव गॅनोडर्मा. आयोजकांनी माझ्या साप्ताहिकाला पाव पान जाहिरात दिली आणि म्हणाले, “जरा बातमी पण लावा की.” मी लावली. मथळा दिला: ‘मधुमेहावर मशरूम गुणकारी, संशोधनात सिद्ध’. जाहिरातीचे तीन हजार मिळाले. प्रेसचं बिल थकलेलं होतं. तीन हजार बरे वाटले, खोटं कशाला बोलू.

त्या शिबिराला आमच्या आळीतले एक काका गेले होते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलून सांगतोय. काकांना बारा वर्षांची शुगर. मेटफॉर्मिन आणि आणखी एक गोळी चालू होती. शिबिरानंतर मशरूमच्या कॅप्सूल सुरू झाल्या, महिन्याला साडेतीन हजारांच्या. दोन महिन्यांनी गोळ्या बंद केल्या. “इंग्रजी गोळ्यांनी किडनी जाते, हे नॅचरल आहे,” असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पुढे चप्पल चावल्याचं निमित्त झालं. पायाला बधिरपणा असल्यामुळे जखम कळलीच नाही. कळली तेव्हा ती चिघळली होती. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

मी बघायला गेलो. काकूंनी रिपोर्टांची फाईल पुढे केली. सगळ्यात वर माझ्या बातमीचं कात्रण, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेलं. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुझ्याच पेपरात आलं होतं ना रे, म्हणून ह्यांनी विश्वास ठेवला.”

त्या रात्री झोप लागली नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच आठवड्यात ककार शिकवले होते. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. वीस वर्षं तेच करतोय. आणि ‘संशोधनात सिद्ध’ छापताना मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. संशोधन झालं, पण कोणावर?

शिबिरात वाटलेली पुस्तिका घरी होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात इंग्रजी शोधनिबंधांची नावं. माझा एक वर्गमित्र वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवतो. त्याला फोटो पाठवले. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. “अरे, नावं तरी वाचलीस का? बहुतेक सगळे उंदरांवरचे आहेत. काही तर काचेच्या बशीतल्या पेशींवरचे.”

नावातच लिहिलं होतं. उंदीर. मी वाचलंच नव्हतं.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण मी असं म्हणत नाही की उंदरांवरचं संशोधन खोटं असतं. ते खरं असतं. २०१५ साली तैवानच्या शास्त्रज्ञांनी एका नामांकित नियतकालिकात दाखवलं की चरबीयुक्त खाणं देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांना रेशीचा अर्क दिला तर त्यांचं वजन कमी वाढतं, आतड्यातले जीवाणू बदलतात, इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. चांगलं काम आहे ते. पण ते उंदरांबद्दलचं उत्तर आहे, आपल्या काकांबद्दलचं नाही.

फरक काय? मित्राने समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. प्रयोगातले उंदीर एकाच वाणाचे, जवळपास जुळ्या भावंडांसारखे. वय एक, पिंजरा एक, खाणं मोजून. त्यांना मधुमेह बहुतेक वेळा आपल्यासारखा वर्षानुवर्षांत होत नाही, तो घडवला जातो. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचलं की इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि उंदराची शुगर काही दिवसांतच वाढते. मग काही आठवडे अर्क द्यायचा आणि मोजायचं. उंदराचं आयुष्यच दोन-अडीच वर्षांचं. त्याला बीपीची गोळी चालू नसते, लग्नसराईतलं गोड नसतं, पंधरा वर्षांची जुनी शुगर नसते. शिवाय उंदराचं शरीर औषध आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने निकालात काढतं, त्यामुळे त्याचा डोस नुसता वजनाच्या हिशोबाने माणसाला लावता येत नाही.

म्हणूनच शास्त्रात उंदीर ही पहिली पायरी. माणसांवर चाचणीपर्यंत पोचलेल्या दर दहा नव्या औषधांपैकी साधारण नऊ पुढे गळतात. आणि ही सगळी प्राण्यांवर आशादायक वाटलेली असतात, तेव्हाच पुढे आलेली असतात.

मग रेशीची माणसांवर चाचणी झाली का? झाली. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टाईप-२ मधुमेह असलेल्या ८४ लोकांना घेऊन केली, २०१६ साली निकाल छापला. काहींना रोज तीन ग्रॅम रेशी, काहींना रेशीसोबत कॉर्डिसेप्स नावाची दुसरी बुरशी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय ते त्यांना माहीत नव्हतं. सोळा आठवडे चाललं. शेवटी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, आणि उपाशीपोटीची शुगर यांत फरक पडला नाही.

उंदरात फरक पडला, माणसात नाही. पुस्तिकेत पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. सगळी मेख इथेच आहे.

कॅन्सरबद्दलही तसंच. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये रेशी आणि कॅन्सरचा आढावा घेतला. पाच चाचण्या, एकूण ३७३ रुग्ण. केमो किंवा रेडिएशनच्या सोबत दिलं तर थोडा फायदा दिसला, एकट्या रेशीने गाठ कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि चाचण्यांचा दर्जा कच्चा होता. मुख्य उपचार म्हणून वापरावं इतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

मशरूममधून काहीच निघत नाही, असंही नाही. जपानमध्ये १९६९ साली शिताके मशरूममधला लेंटिनन हा घटक वेगळा काढला आणि उंदरांच्या गाठींवर त्याचा परिणाम दाखवला. तेवढ्यावर कुणी कॅप्सूल विकत दारोदार फिरलं नाही. माणसांवर चाचण्या झाल्या, आणि १९८० च्या दशकात तिथे जठराच्या कॅन्सरसाठी केमोच्या जोडीने इंजेक्शन म्हणून परवानगी मिळाली. एका आजारासाठी, डॉक्टरच्या हाताने, दुसऱ्या उपचाराच्या सोबत. एकशे आठ आजारांसाठी नव्हे.

आणि आता ही गंमत ऐका. काकांनी जी ‘केमिकल’ म्हणून सोडली, त्या मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा एका वनस्पतीत आहे. युरोपात गॅलेगा नावाचं झुडूप जुन्या काळापासून औषधात वापरायचे. त्याच्यातल्या रसायनाच्या कुळातला ग्वानिडिन हा पदार्थ प्राण्यांची शुगर उतरवतो हे १९१८ मध्ये दिसलं. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. माणसांवरच्या वापराबद्दल फ्रान्सच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी लिहिलं १९५७ साली. ब्रिटनमधला हजारो रुग्णांचा मोठा अभ्यास १९९८ मध्ये आला. म्हणजे झाडापासून प्राणी, प्राण्यापासून माणूस, या प्रवासाला ऐंशी वर्षं लागली. त्या गोळीने किडनी जात नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी थांबवतात. किडनी खाते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर.

“पण हे आपलंच आयुर्वेदिक आहे ना?” हाही प्रश्न येतो. आपल्या कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर एक लाकडासारखी कडक आळंबी येते, फणसोंबा म्हणतात. मुलाच्या तोंडातून फार लाळ गळायला लागली की सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायचे. पुण्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यावर लिहूनही ठेवलंय. पण आपल्या आज्यांनी ते लाळ गळण्यासाठी, हगवणीसाठी अशा ठरावीक कामाला वापरलं. शुगर, कॅन्सर, गुडघे आणि वंध्यत्व एकाच डबीत बसवणं ही परंपरा नाही, विक्री आहे.

“नुकसान तर नाही ना?” हा शेवटचा प्रश्न. बहुतेकांना नसेलही. पण रेशीची पूड घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या केसेस हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये नोंदवल्यात, आणि २००७ मध्ये थायलंडमधून एका मृत्यूची नोंद आहे. अशा केसेस थोड्या आहेत, पण आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपायला हवं. आणि सगळ्यात मोठं नुकसान कॅप्सूल करतच नाही, ते तिच्यामुळे बंद केलेली गोळी करते.

आता कायद्याचं. आपल्याकडे १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. मधुमेह आणि कॅन्सर त्याच्या यादीत आहेत. या आजारांवर इलाज म्हणून जाहिरात करता येत नाही. आणि जाहिरात म्हणजे नुसता छापील कागद नाही, तोंडी घोषणासुद्धा त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. अशी जाहिरात छापण्यात सहभागी होणाराही त्यात येतो. म्हणजे स्टेजवरचे गृहस्थ आणि पाव पानवाला मी, एकाच रांगेत. आणखी एक करा. घरात अशी डबी असेल तर चष्मा लावून लेबल वाचा. फूड सप्लिमेंट म्हणून विकलेल्या मालावर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं छापणं बंधनकारक आहे. म्हणजे ‘औषध म्हणून वापरू नका’. तोंडाने सांगायचं औषध, डबीवर छापायचं औषध नाही.

काकांना कॅप्सूल देणाऱ्या ताईंशीही बोललो. आपल्यातल्याच आहेत. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलीची फी भरायची होती, वरच्याने सांगितलं की चाळीस हजारांचा माल उचला, पॉइंट मिळतील. स्वतःही त्याच कॅप्सूल खात होत्या. त्यांना फसवलं गेलं, त्यांनी काकांना फसवलं, आणि मी सगळ्यांच्या वर शिक्का मारला. माझा राग त्या ताईंवर नाही.

काका तिकडे का गेले, हेही लिहिलं पाहिजे. दवाखान्यात नंबर लावून दोन तास बसायचं आणि तीन मिनिटांत बाहेर. शिबिरात कुणीतरी जवळ बसून विचारलं, झोप लागते का, पायाला मुंग्या येतात का. हे जोपर्यंत दवाखान्यात कुणी विचारत नाही, तोपर्यंत मंगल कार्यालयं भरणारच. डॉक्टर मंडळींनी हे वाचून माझ्यावर चिडू नये, पण विचार करावा.

कमेंटमध्ये येईलच, ‘पत्रकार औषध कंपन्यांचा दलाल’. या. फक्त येताना हे तीन प्रश्न घेऊन या आणि ते औषध कंपन्यांनाही विचारा, मलाही विचारा:

एक, संशोधन कोणावर झालं? उंदीर की माणूस?

दोन, किती जणांवर आणि किती दिवस?

तीन, तुलना कशाशी केली? नुसतं ‘घेतलं आणि बरं वाटलं’, की शेजारी खोटी कॅप्सूल घेणारा गट होता?

उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा. घेतच असाल तर डबी आपल्या डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. चालू गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि शुगर-कॅन्सर बरं करण्याचा दावा कुणी करत असेल तर त्याचं पत्रक, फोटो, व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. लिहिता येत नसेल तर माझ्याकडे या, मी लिहून देतो.

या आठवड्याच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती छापतोय. मूळ बातमी जेवढ्या जागेत होती तेवढ्याच जागेत. आणि यापुढे माझ्या पेपरात ‘संशोधनात सिद्ध’ हे दोन शब्द, कोणावर ते लिहिल्याशिवाय येणार नाहीत. दुरुस्तीचा अंक आधी काकूंना नेऊन देणार आहे. काकांची बोटं त्याने परत येणार नाहीत, मला माहीत आहे. पण फाईलमधलं ते कात्रण तरी बदलावं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.