आधी फोटो, मग नाव

19 ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिनाच्या आसपास किंवा दिवाळीच्या तोंडावर व्हॉट्सअॅपवर एक निरोप हमखास येतो : ‘माझा फोटो स्पर्धेत आहे. लिंक उघडा, आधी पेज लाइक करा, मग फोटो लाइक करा, पुढे पाठवा.’ निरोप पाठवणारा आपला आतेभाऊ असतो, नाहीतर शाळासोबती. आपण लाइक करतो. त्या स्पर्धेतले बाकीचे फोटो बघायचं आपल्या डोक्यातही येत नाही. आठ दिवसांनी निकाल लागतो आणि आयोजक त्याला ‘रसिकांची पसंती’ म्हणतात.

या पद्धतीचे समर्थक सांगतात की स्पर्धा हौशी लोकांची आहे, तर निवडही लोकांनीच करावी. ज्याला जास्त मतं, तो पहिला. यात अन्याय कुठे आला? मला हा युक्तिवाद मुळातच मान्य नाही, आणि तो लोकांच्या नजरेवर माझा विश्वास नाही म्हणून नव्हे. विश्वास आहे म्हणूनच मान्य नाही. निवड करायची तर समोर निदान दोन गोष्टी हव्यात. ज्याने एकच फोटो पाहिला त्याने निवडलं काहीच नाही, त्याने नातं जपलं. नातं जपणं चांगलंच आहे, पण त्याची बेरीज करून फोटोंचे नंबर काढले, तर कोण किती ग्रुपांत आहे एवढंच कळतं.

लोकांचं एकत्रित मत किती नेमकं असू शकतं याचं जुनं उदाहरण फ्रान्सिस गॅल्टनने नोंदवून ठेवलं आहे. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एक बैल उभा केला होता आणि तो कापून साफ केल्यावर मांस किती भरेल, हे सहा पेनीचं तिकीट घेऊन लोकांनी लिहून द्यायचं होतं. शेतकरी आणि खाटीक होते, तसे यातलं काही न कळणारेही होते. गॅल्टनने 787 तिकिटं चढत्या क्रमाने लावली आणि बरोबर मधला अंदाज काढला. तो निघाला 1207 पौंड. प्रत्यक्षात वजन भरलं 1198 पौंड. 1907 साली ‘नेचर’मध्ये त्याने हे छापलं. गर्दी शहाणी असते, असं सांगायला हा दाखला नेहमी देतात, पण गर्दी कशामुळे शहाणी ठरली हे सांगायचं राहून जातं. प्रत्येकाने बैल स्वतः पाहिला होता. प्रत्येकाने आपला आकडा आपल्या तिकिटावर लिहिला होता. शेजाऱ्याने काय लिहिलं याचा फलक तिथे लावलेला नव्हता. शिवाय पदरचे सहा पेनी गेल्यामुळे गंमत म्हणून काहीतरी खरडणारे दूर राहिले. यातली एकही अट लाइकच्या स्पर्धेत पाळली जात नाही.

यावर कोणी म्हणेल, बैलाला खरं वजन असतं, फोटोला कुठे असतं? आक्षेप रास्त आहे. म्हणून आवडीनिवडीचाच एक प्रयोग बघू. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 साली ‘सायन्स’मध्ये तो प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी आणि ऐकणारे 14,341. काही जणांना नुसती गाणी दिली. बाकीच्यांना आठ स्वतंत्र गटांत वाटलं आणि आपल्या गटात कोणतं गाणं आधी किती जणांनी उतरवून घेतलं, हा आकडाही दाखवला. आकडा दिसताच पुढे असलेलं गाणं आणखी पुढे गेलं. कोणतं गाणं पुढे जाईल, हे मात्र गटागणिक बदललं. एकच गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा बुडाली नाहीत, फार वाईट सहसा तरली नाहीत. मधल्या सगळ्यांचं भवितव्य सुरुवातीच्या चार जणांनी काय केलं यावर ठरलं. हौशी स्पर्धांमधले बहुतेक फोटो या मधल्या पट्ट्यातलेच असतात. तिथे मतांचा चालू आकडा दाखवत राहणं म्हणजे पहिल्या तासाभरात ज्याचे मित्र जागे होते त्याला बक्षीस देणं.

आता दुसरी बाजू. लाइकच्या बाजाराला कंटाळलेले जाणते लोक म्हणतात, मतदानच बंद करा आणि तीन परीक्षक बसवा. हा विचार पहिल्यापेक्षा प्रतिष्ठित आहे, म्हणून त्याचं खंडन जास्त काळजीने करायला हवं. परीक्षक अभ्यासू असतात, तांत्रिक दोष त्यांना चटकन दिसतात, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही निःपक्षपातीपणा त्यांच्या ज्ञानातून आपोआप येत नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी परीक्षक म्हणून ज्यांना बोलावतात, त्यांच्याच कार्यशाळेत निम्मे स्पर्धक शिकलेले असतात. कोणाचा फोटो कोणता, हे त्यांना न सांगता कळतं.

परीक्षकांच्या आवडीचे साचेही तयार होतात. जेजुरीच्या सोमवतीला भंडारा उधळला जातो त्या क्षणाचा पिवळाजर्द फोटो, कोल्हापुरी तालमीत खिडकीतून आलेला तिरपा झोत आणि त्यात उडवलेली लाल माती, चोचीत मासा धरलेला खंड्या. ही दृश्यं सुंदर आहेत, पहिल्यांदा टिपणाऱ्याचं कौतुकच आहे. पण सलॉनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनात, अॅक्सेप्टन्स (निवड) याच्यावरच मिळतो हे एकदा कळलं की दरवर्षी कॅमेरे तिथेच वळतात. हजारो प्रवेशिका असतात, एकेक फोटो परीक्षकांपुढे काही सेकंदच येतो, आणि तेवढ्या वेळात ओळखीचा साचा पटकन गुण मिळवून जातो.

साचा सोडा, फसवणूकही परीक्षकांच्या नजरेतून सुटते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेइतकी कसून तपासणी क्वचितच कुठे होत असेल. 2009 साली तिथे होसे लुइस रोद्रिगेस यांचा फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो सर्वोत्कृष्ट ठरला. तो लांडगा माणसाळलेला आहे, हे स्पेनमधल्या छायाचित्रकारांनी ओळखलं आणि जानेवारी 2010 मध्ये फोटो बाद झाला. रोद्रिगेस यांनी आरोप नाकारला, तरी निर्णय बदलला नाही. पुढे 2017 सालचा मुंगीखाऊचा विजेता फोटोही 2018 मध्ये बाद झाला, कारण त्यातला प्राणी पेंढा भरलेला असल्याचं तज्ज्ञांच्या तपासणीतून पुढे आलं. ती तपासणीसुद्धा बाहेरून कोणीतरी शंका घेतल्यावरच सुरू झाली. त्याच पाणथळ जागी जाणाऱ्या, त्याच जंगलात फिरणाऱ्या माणसाला जे दिसतं ते परक्या परीक्षकाला दिसेलच असं नाही. फोटोग्राफी क्लबात सदस्यच एकमेकांच्या फोटोंना गुण देतात, तेव्हा त्या चाळीस जोड्या डोळ्यांचं मोल हे आहे. ते डोळे मिटून घ्या, असं सांगणाऱ्या सुधारणेला मी सुधारणा म्हणणार नाही.

मग क्लबांत होणारे गैरप्रकार? ते होतात, आणि त्यातला सगळ्यात बोचरा म्हणजे स्पर्धकाच्या फोटोला मुद्दाम तळाचे गुण देणं. हिशेब करून बघा. वीस सदस्य एक ते दहा गुण देतात आणि एका चांगल्या फोटोला सगळ्यांनी सात दिले असं धरा. बेरीज 140, सरासरी 7. आता त्यातल्या फक्त दोघांनी सातऐवजी एक दिला. बेरीज 128, सरासरी 6.4. मासिक स्पर्धेत पहिल्या आणि सहाव्या नंबरात कितीदा तरी एवढाही फरक नसतो. दोन माणसांनी अठरा जणांचं मत पुसून टाकलं.

असे गुण देणारा म्हणतो, मला फोटो आवडला नाही, मी एक देईन नाहीतर दहा, तो माझा हक्क आहे. हक्क आहेच. कोणाच्या मनात काय होतं याची चौकशी करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तशी चौकशी सुरू झाली की क्लब मोडतो. पण हक्क मत देण्याचा आहे, एकट्याच्या मताने वीस जणांचं मत फिरवण्याचा नाही. प्रत्येक फोटोचे सर्वांत वरचे दोन आणि सर्वांत खालचे दोन गुण सोडून उरलेल्या सोळांची सरासरी काढली, तर वरच्या उदाहरणात ती पुन्हा बरोबर 7 येते. सुडाने दिलेला एक आणि मैत्रीने दिलेला दहा, दोन्ही एकाच वेळी निष्प्रभ होतात, कोणावर बोट न ठेवता. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगच्या परीक्षकांवरून मोठा घोटाळा झाला, त्यानंतर जी नवी गुणपद्धत आली तिच्यातही सर्वांत वरचा आणि खालचा गुण गाळतात. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ-शार्ल द बोर्दा याने पसंतीक्रमाला गुण देऊन निवड करायची रीत मांडली, तेव्हाही हाच आक्षेप आला होता की लोक प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटी टाकतील. आपली पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे, असं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. प्रामाणिक माणसालाही मोह होतो, आणि चांगली पद्धत त्याला मोहापासून वाचवते.

दोघांचे गुण असे गाळता येतात, पाच जणांच्या टोळीचे येत नाहीत, हे खरं. पण टोळीला दोन गोष्टी लागतात : फोटो कोणाचा ते आधी कळायला हवं, आणि ठरल्याप्रमाणे मत पडलं की नाही ते नंतर तपासता यायला हवं. पहिल्यासाठी नावं झाकायची. नुसता वॉटरमार्क काढून भागत नाही. फाइलचं नाव बदलून आकडा द्यायचा, एक्झिफमधली, म्हणजे फाइलमध्ये दडलेली, माहिती पुसायची, आणि स्पर्धेचा फोटो निकाल लागेपर्यंत फेसबुक-इन्स्टाग्रामवर किंवा ग्रुपवर टाकायचा नाही, टाकला तर प्रवेशिका रद्द. दुसऱ्यासाठी मत गुप्त ठेवायचं. ‘मी तुला दिलं, तू मला दे’ हा व्यवहार पावती दाखवता येते तोवरच चालतो.

लहान क्लबात शैलीवरून माणूस ओळखू येतो, मग नाव झाकून काय उपयोग, असं मला वारंवार ऐकवतात. काही फोटो ओळखू येतील, मान्य. पण ‘हा बहुतेक त्यांचा असेल’ आणि ‘हा त्यांचाच’ यांत फरक आहे, आणि त्या शंकेच्या फटीतूनच नवख्या सदस्याच्या फोटोला न्याय मिळतो. पहिल्यांदा प्रवेशिका भरलेल्या कॉलेजच्या मुलीचा फोटो आणि क्लबाच्या माजी अध्यक्षांचा फोटो शेजारी लागले, तर दोन्हींखाली फक्त आकडा असायला हवा.

फोटो कशावर बघून मत दिलं, याकडे तर आपण लक्षच देत नाही. आमच्या क्लबात एकदा एसटी स्टँडवरचा एक कृष्णधवल फोटो आला होता. बाकावर पेंगलेला कंडक्टर, मागे रिकामा फलाट. मोबाइलवर मतं घेतली तेव्हा तो शेवटच्या पाचांत गेला, कारण अंगठ्याएवढ्या चित्रात करड्या रंगाशिवाय काही दिसतच नव्हतं. नंतर तोच फोटो हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावला. पैशांच्या पिशवीचा पट्टा कंडक्टरने झोपेतही मनगटाला दोन वेढे घालून धरला होता. नखांतली शाई दिसत होती. आणि मागच्या फळ्यावर खडूने लिहिलेली गाडीची वेळ उलटून गेलेली होती. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. भडक सॅच्युरेशन मोबाइलवर जिंकतं आणि सूक्ष्म छटा हरतात. यात कोणाची लबाडी नाही, तरी अन्याय तितकाच आहे. म्हणून मोठा पडदा हवा, निदान लॅपटॉप तरी. फोटोंचा क्रमही प्रत्येक मतदाराला वेगळा मिळावा, म्हणजे थकलेल्या डोळ्यांच्या वाट्याला नेहमी तेच फोटो येणार नाहीत.

सगळ्यात शेवटी ‘अहो, हौस आहे, एवढं काय मनावर घेता’ हे वाक्य येतंच. हौस म्हणजे हलकी गोष्ट, ही समजूत आपल्याकडच्या इतिहासाला धरून नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, ती मुख्यतः हौशी लोकांच्या जिवावर. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी व्यवसायाने डॉक्टर, पण या संस्थेत होते आणि त्यांनी काढलेली छायाचित्रं आजही अभ्यासली जातात. 1856 पासून मुंबईतच जॉन्सन आणि हेंडरसन यांनी ‘इंडियन अॅमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढला. त्याच्या नावातच हौशी माणूस आहे. जिथे पैसा मिळत नाही तिथे माणसाला हवी असते ती न्याय्य दखल. तीही ओळखीपाळखीवर वाटली, तर ज्याच्या ओळखी नाहीत तो वर्षभरात कॅमेरा कपाटात ठेवतो. अशी माणसं भांडून जात नाहीत. पुढच्या महिन्यापासून नुसती येईनाशी होतात, त्यामुळे नुकसान झाल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

सदस्यांचं मत राखायला हवं याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण मात्र बक्षिसापलीकडचं आहे. दुसऱ्यांचे चाळीस फोटो नीट बघून प्रत्येकाला गुण देणारा आणि निदान दहा फोटोंखाली एकेक ओळ लिहिणारा माणूस स्वतः फोटो काढायला शिकतो. क्षितिज का खटकलं, कडेला कापलेला हात का नको होता, पार्श्वभूमीतला खांब डोक्यातून उगवल्यासारखा का दिसतो, हे दुसऱ्याच्या चौकटीत आधी दिसतं. परीक्षक जरूर बोलवावेत, पण सदस्यांचे गुण बंद झाल्यावर. आणि त्यांनी नंबर काढण्याऐवजी बोलावं, वाद घालावा, सदस्यांनी खाली टाकलेल्या एखाद्या फोटोची बाजू घ्यावी.

एवढे नियम केले तर मत द्यायला येणार कोण, अशी भीती घालतात. जो प्रवेशिका भरतो त्याने स्वतःचा सोडून सर्व फोटोंना गुण द्यायचे, नाहीतर त्याची प्रवेशिका मोजायची नाही, एवढी एक अट पुरते. मतदार कमी झाले तरी हरकत नाही, पण निकालाबरोबर त्यांची संख्या आणि प्रत्येक फोटोला मिळालेले सगळे गुण, देणाऱ्याचं नाव न लावता, फलकावर लावावेत. आमच्या क्लबाच्या येत्या वार्षिक सभेत मी हाच ठराव मांडणार आहे. ज्यांना तो पटत नाही त्यांनी आपली पद्धत लेखी मांडावी, मागच्या वर्षीच्या सगळ्या स्पर्धांचे गुण दोन्ही रीतींनी पुन्हा मोजावेत, आणि कोणाचा नंबर कुठे बदलतो तो तक्ता सभेपुढे ठेवावा.